हवेवरची जीप

तिसरी पिशवी फुटली तेव्हा मी चुलीपुढे बसले होते. आवाज असा झाला की हातावरची भाकरी तव्यात पडायची ती थेट राखेत पडली. समोरच्या विणकराचे माग खाडकन बंद झाले, गल्लीतली कुत्री शेपूट घालून पळाली आणि कोपऱ्यावरच्या पानवाल्याने दुकानाची फळी खाली ओढली. चौऱ्याहत्तर सालचा उन्हाळा तो. रेल्वेचा संप चालू होता, रोज उठून काहीतरी नवंच कानावर यायचं. लोकांना वाटलं, आता आपल्या भवानी पेठेतच काहीतरी उडालं.

मी पिठाच्या हाताने बाहेर धावले. दारापुढच्या पत्र्याच्या मांडवात अण्णारावची जीप उभी होती आणि तिच्या बुडाखालून माझा भाऊ तिप्पण्णा उताणा सरपटत बाहेर येत होता. तोंड काळं, केसांत रबराच्या चिंध्या, एक बोट कानात.

"जिता हायस का मेलास?" मी ओरडले.

"काय?"

"मेलास का म्हन्ते!"

"न्हाय की," तो म्हणाला आणि चक्क हसला. "अक्का, या बारीला लई येळ टिकली बघ."

कपाळावर हात मारून घेण्यापलीकडे माणसाने काय करावं! तेवढ्यात मधल्या खोलीतून बारीक आवाज आला, "फुटली का वो?"

"फुटली," तिप्पण्णा म्हणाला.

"लागलं न्हाय न्हवं?"

"न्हाय, न्हाय. तू पड."

तू पड! ती बिचारी दुसरं काय करणार होती?

शरणम्मा माझी भावजय. वर्षभर फळीवर आडवी होती. माळ्यावरून शेंगांचं पोतं काढताना शिडी सरकली आणि ती पाठीवर आपटली. दवाखान्यात बगलेपासून कंबरेपर्यंत प्लास्टर घातलं, काही महिन्यांनी काढलं. डॉक्टर भला माणूस. त्याने तिप्पण्णाला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "पाय आता येणार नाहीत. पण वरचं शाबूत आहे, हाडं धरायला लागलीत. एक जोराचा दणका बसला तर जे उरलंय तेही जाईल. जपा."

मग आम्ही जपू लागलो. काय जपलं म्हणून सांगू! मी महापालिकेच्या शाळेत मास्तरीण. नवरा लवकर गेला, तेव्हापासून भावाकडेच राहते. जीभ माझी तिखट, शाळेत पोरं मला माघारी लवंगी मिरची म्हणतात ते मला ठाऊक आहे. शरणम्मा लग्न होऊन आली तेव्हापासून आमचं दिवसातून एकदा तरी वाजायचंच. पण ती पडली त्या दिवसापासून मी तिला एक शब्द वावगा बोलले नाही. तिच्या खोलीत पाऊलसुद्धा हळू टाकायची. आणि ही बाई कोण, तर जिच्या हातची कडक भाकरी साऱ्या पेठेत नावाजलेली. पापडाइतकी पातळ, डोळ्यांपुढे धरली तर पलीकडचा माणूस दिसावा.

वर्षभरात तिने काही म्हणजे काही मागितलं नाही. संक्रांत झाल्यावर एका दुपारी मात्र ती छताकडे बघत म्हणाली, "एकदा माहेरी जायचं हाय मला. अव्वाजवळ."

तिची आई निंगव्वा दोन्ही डोळ्यांनी आंधळी, तिला इकडे आणणं कठीण. आणि माहेर कुठे, तर अक्कलकोटच्या पुढे, बोरी नदीच्या काठाला. अक्कलकोटपर्यंत सडक बरी आहे. पुढे नुसती बैलगाडीची वाट. काळी माती, उन्हाळ्यात चाकोऱ्या वाळून दगड होतात. त्या वाटेने धडधाकट माणसाचे दात खिळखिळे होतात, तिथे हिची काय कथा! मी म्हटलं, "बघू गं, पुढच्या साली." म्हणजे नाहीच.

तिप्पण्णाने ते ऐकलं. तो कधीच फारसं बोलत नाही. आमचं घराणं कमानवाल्यांचं, म्हणजे गाडीखालच्या स्प्रिंगा करणाऱ्यांचं. बापजाद्यांनी टांग्याच्या कमानी केल्या, हा ट्रकच्या आणि जीपच्या करतो. मोडका पाटा काढायचा, नवा तापवून हातोड्याने बाक द्यायचा, एकावर एक पाटे रचून आवळायचे. लोकांना दणका बसू नये एवढ्यासाठी याने जन्मभर लोखंड ठोकलं.

त्याच्या डोक्यात खूळ शिरलं ते टेंभुर्णीला. दुष्काळाच्या साली तिथे नाक्यावर परदेशी पाहुण्यांची धान्य वाटणारी गाडी बिघडून पडली होती आणि कुणीतरी याला नेलं होतं. गाडीखाली शिरून बघतो तर मागच्या आक्सेलवर दोन रबरी पिशव्या. साहेबाने पंपाने हवा भरली आणि गाडीचं बूड वर उचललं गेलं. हवा सोडली, खाली बसलं. तिप्पण्णा घरी आला तो देव बघून आल्यासारखा. तेव्हा मी हसले होते. आता शरणम्माने माहेरचं नाव काढलं आणि दुसऱ्याच दिवशी हा ट्रकची जुनी ट्यूब खांद्यावर टाकून घरी आला.

जीप अण्णारावची. अण्णाराव भुसार माल घेणारा व्यापारी, पोटाने आणि तोंडाने सारखाच मोठा. मिलिटरीच्या मोडीतून घेतलेली त्याची जीप मागच्या कमानी मोडून आमच्या दारात पडली होती. तिप्पण्णाने त्याला घातली अट, "कमानी नव्या करून देतो. पर एकदा मला गाडी द्यायची."

"काय बे तिप्पण्णा," अण्णाराव खो खो हसला, "माझ्या जीपला फुगे लावतोस व्हय? जत्रंत उभी करायची हाय का?" पण नंतर त्याने आत डोकावून शरणम्माला बघितलं आणि त्याचं हसू गेलं. "ने बाबा. पाऊस पडायच्या आत नेऊन आण. पेरणीला मला गाडी लागंल."

झालं! घराचा कारखाना झाला. ट्यूबचे तुकडे कापायचे, वर विणकराकडून आणलेलं जाड दुहेरी कापड चिकटवायचं, पंक्चरवाल्याकडून भट्टीत शेकून आणायचं, वरखाली लोखंडी तबकड्या घालून बोल्ट आवळायचे. कमानीतले काही पाटे त्याने काढून टाकले, म्हणजे कमान मऊ झाली, आणि उरलेला भार या पिशव्यांवर. पहिली फुटली तेव्हा सांडशी उडून माझ्या तुळशीत पडली. दुसरी फुटली तेव्हा विणकराच्या म्हातारीने महादेवाला नवस बोलला. तिसरीचं सांगितलंच. चौथी टिकली, आणि तशीच तिच्या जोडीची केली.

मग चाचणी. दणका बसतो की नाही हे कळायचं कसं? युक्ती शरणम्माचीच. ती म्हणाली, "कडक भाकऱ्यांची चवड ठेवा की मागं. मोडल्या तर मी बी मोडले समजा." असलं अभद्र बोलते म्हणून एरवी मी तिला फाडून खाल्लं असतं. पण गप्प बसले आणि भाकऱ्या केल्या. नुसत्या भाकऱ्यांना भार कुठला? म्हणून तिच्या वजनाचं जोंधळ्याचं पोतं हवं होतं. तिप्पण्णाने ते कसं भरलं ते बघायला हवं होतं. अंथरूण बदलताना शरणम्माला दोन्ही हातांवर अलगद घ्यायचा, जरा वेळ डोळे मिटून उभा राहायचा, तिला निजवायचा, मग बाहेर जाऊन पोतं उचलायचा. पसाभर जोंधळा काढायचा. पुन्हा आत.

"मला जोंधळ्यात मोजताय व्हय?" ती हसायला लागली.

"हलकी झालीस," तो म्हणाला आणि बाहेर जाऊन आणखी पसाभर काढला.

रविवारी आम्ही हिप्परग्याच्या तळ्याकडे गेलो. तळ्याच्या बाजूला खाचखळग्यांचं रान आहे. फळीवर पोतं बांधलं, त्यामागे भाकऱ्यांची चवड. मी खालीच उभी राहिले. जीप खड्ड्यात उतरली की तिचं बूड नुसतं खालीवर व्हायचं, म्हैस पाण्यातून चालावी तसं. धाड नाही, धूड नाही. तिप्पण्णा आतून ओरडला, "अक्का, चवड हलतच न्हाय गं!" माझा विश्वास बसेना. एवढासा माझा भाऊ, चौथीत शाळा सोडलेला, आणि याने हवेवर गाडी उभी केली! माझे डोळे भरून आले, खरंच सांगते.

आणि मग तो बांधाच्या उतरणीला लागला.

जीप जराशी कलली. कलणारच होती, उतारच तसा. पण ती कलली आणि थांबलीच नाही. कलतच गेली. खालच्या बाजूची पिशवी पिळून चपटी झाली, वरची टरटरून फुगली आणि तिने जणू ढकलूनच दिलं. माझ्या डोळ्यांदेखत ती जीप आडवी झाली. दोरी तुटली, पोतं उडालं आणि बाभळीच्या बुडाशी जाऊन पडलं. वरची चाकं फिरतच होती. मला तिथे पोतं दिसतच नव्हतं. शरणी दिसत होती.

तिप्पण्णा दाराच्या मोकळ्या बाजूने बाहेर आला. गुडघा फुटला होता, त्याकडे त्याने बघितलं नाही. तो पोत्याजवळ गेला, बसला, आणि फाटक्या जागेवर तळहात दाबून धरला. बोटांतून जोंधळा गळत होता.

"एक नळी," तो म्हणाला. "अक्का, म्या एक नळी घातली."

त्याचं असं झालं होतं. कमानवाल्यांचा नेम असतो, जोडी मोडायची नाही. उजवी कमान बदलली की डावीही बदलायची. एकीला जास्त, एकीला कमी असं करायचं नाही. म्हणून याने दोन्ही पिशव्यांना एकच नळी जोडली होती. हवा एका तोंडाने भरायची, दोघींना सारखी. सपाटीला ते ठीक चाललं. उतारावर भार खालच्या पिशवीवर आला आणि तिच्यातली सगळी हवा नळीतून वरचीत पळाली. जिला जास्त लागत होती तिचीच गेली. बापाने शिकवलेला नेम त्याने मनोभावे पाळला आणि तोच अंगावर आला.

रस्त्याने जाणाऱ्या चार गाडीवानांनी जीप उभी करून दिली. घरी आल्यावर आम्ही दोघांनी तोंडाला कुलूप लावलं. पण शरणम्माने दारातून पोतं बघितलं. "लई बारीक झाली की बया," ती म्हणाली, "कुटं सांडली?"

"बांधाजवळ," तिप्पण्णा म्हणाला. खोटं बोलणं त्याला येतच नाही.

मला वाटलं, आता ही भिऊन नको म्हणेल. मनातून मला तेच हवं होतं. ती म्हणाली, "मग आता दोन नळ्या घाला." हे तिला कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. दिवसभर पडल्या पडल्या ती त्याची ठोकाठोक ऐकत होती, तेवढंच.

दोन नळ्या घातल्या. दोन वेगळी तोंडं. तिप्पण्णा पुन्हा त्याच बांधावर गेला, पुन्हा पुन्हा गेला, आडवातिडवा गेला. जीप कलायची आणि थांबायची.

मे संपता संपता, पहाटेचा गारवा धरून आम्ही निघालो. उन्हात पिशव्या तापून टणक व्हायच्या, म्हणून लवकर. ड्रायव्हरशेजारची सीट काढून टाकली होती. फळी मागून पुढपर्यंत टाकली, तिच्यावर कापसाची गादी, गादीवर शरणम्मा. तिचं डोकं तिप्पण्णाच्या कोपराशी आलं. मी मागे चाकाशेजारी अंग चोरून बसले. निघताना पेठेतली बायामाणसं दारात उभी होती.

सडक संपली. पहिली चाकोरी आली तेव्हा मी डोळे घट्ट मिटून घेतले.

"बसला का?" तिप्पण्णाने विचारलं.

"न्हाय," शरणम्मा म्हणाली.

"आता?"

"न्हाय."

सगळी वाट हेच. बैलसुद्धा आमच्या पुढे जात होते. तिप्पण्णा अवघड जागी गाडी थांबवायचा, उतरून वाट बघायचा, पायपंपाने एका बाजूला थोडी हवा भरायचा, दुसरीची थोडी सोडायचा, परत येऊन बसायचा. नदीच्या उतारावर ती एकदम म्हणाली, "थांबवा." आमच्या दोघांचा जीव असा वर गेला! तिप्पण्णाने हळूच ब्रेक दाबला.

"काय झालं? कुटं दुकतंय?"

"कुटंच न्हाय. हितल्या डोहात मी पवायला शिकले," ती म्हणाली. "जरा बघू द्या की."

डोहात घोटाभर पाणी होतं. तिला मान वळवता येत नव्हती तितकी. तिप्पण्णाने तिच्या मानेखाली हात घालून तिला ते दाखवलं.

आम्ही गावात शिरलो तेव्हा अर्धं गाव मागे चालत होतं. निंगव्वा अंगणात काठी टेकून उभी होती. जीप थांबली तशी ती हाताने चाचपत पुढे आली. आधी टायर चाचपलं, मग खाली वाकून रबरी पिशवी. "हे काय गं बाई, म्हशीची कास व्हय?" सगळं गाव हसलं. मग तिचा हात फळीवर आला, लेकीच्या तोंडावर आला. "बंदियेनव्वा?" ती कानडीत म्हणाली. आलीस का गं बाई. तोंडावरून हात छातीवर, पोटावर, मांड्यांवर गेला. पायांवर तिने दोन चापट्या मारल्या.

"पाय झोपलेत व्हय?"

"झोपलेत, अव्वा."

"झोपू देत. हात तर जागं हायत की."

मला बाई कसंसंच झालं. रडणं नाही, ऊर बडवणं नाही, ही कसली आई!

दोन दिवस राहायचं ठरलं होतं. शरणम्माला पडवीत बाजेवर ठेवलं. तिप्पण्णा अंगणात गावकऱ्यांना पिशव्या दाखवत होता. हवा भरायचा, सोडायचा, जीप खालीवर व्हायची आणि म्हातारीकोतारी तोंडावर हात ठेवून बघायची. लग्नानंतर इतकं बोलताना मी त्याला तिथेच बघितलं. मी पाणी घेऊन पडवीत गेले तर काय! शरणम्माच्या पोटावर सूप, सुपात भुईमुगाच्या शेंगा, आणि ती पेरणीचं बी फोडत होती. बाजेखाली टरफलांचा ढीग. शेजारी निंगव्वा बसून चाचपून दाणे बघत होती आणि वर बडबडत होती, "अर्धा दाणा कशाला फोडला? डोळं फुटलं का माझ्यासारखं?"

"अवो, तिला काम कसलं लावता!" मी सूप उचलायला गेले.

शरणम्माने सूप दोन्ही हातांनी धरून ठेवलं. "असू द्या, अक्का."

मी सोडलं. माहेरचा लाड म्हणून सोडलं.

निघायच्या दिवशी सकाळी तिप्पण्णाने पिशव्यांत हवा भरली, फळी पुसली, गादी झटकली. पडवीत तिच्या भावाची बायको ओटीचं ताट घेऊन आली. तांदूळ, खोबऱ्याची वाटी, हळकुंड, खण. लेक माहेराहून निघाली की ओटी भरल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाहीत. मी विधवा, म्हणून जरा लांब खांबाशी उभी राहिले. तिच्या भावजयीने कुंकू लावलं आणि ओंजळ भरली.

शरणम्माने पदर पुढे केला नाही. हात छातीवर घट्ट धरून ठेवले.

"ओटी नको," ती म्हणाली. "ओटी जाणाऱ्या लेकीची भरत्यात."

भावजयीची ओंजळ तशीच राहिली. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. तिप्पण्णा दारात पंप घेऊन उभा होता.

"काय म्हन्ली?" त्याने मला विचारलं. मला! जशी ती परदेशी भाषेत बोलली होती.

"मी येणार न्हाय," शरणम्मा त्यालाच म्हणाली. "मी हितंच ऱ्हाणार."

"किती दिस?"

तिने छातीवरचे हात सोडले नाहीत. तेव्हा त्याला कळलं. पंप खाली ठेवून तो बाजेजवळ उकिडवा बसला.

"दणका बसला का कुटं?" त्याने विचारलं. "वाटंत? बसला आसंल तर सांग. आणिक येक पाटा कमी करतो. नदीजवळ बसला का?"

"एक बी न्हाय बसला वो." तिचा आवाज फुटला. "गादीवर निजल्यावानी आले. देवाशप्पत."

"मग?"

"मी जायचं म्हन्ले हुते," ती म्हणाली. "यायचं म्हन्ले न्हवते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लांब उभं राहायचं विसरून मी पुढे झाले. "शरणे! लाज हाय का तुला? ह्या माणसानं तुझ्यापायी कानठळ्या बसवून घेतल्या, गुडघा फोडला, रात म्हटली न्हाय दिस म्हटला न्हाय! पायांसंगं काळीज बी गेलं व्हय तुझं?"

मी स्वतःच्या शब्दांनी हबकले. असं बोलतात का पांगळ्या माणसाला?

आणि ती हसली. डोळ्यांतून पाणी आणि तोंडावर हसू.

"बोला, अक्का. वरीस झालं, तुमी माझ्यावर एकदा बी वरडला न्हाईत. एवढी मी मेले व्हय?"

मी दोन पावलं मागे सरले.

"तितं समदी माझ्याकडं बघत्यात," ती तिप्पण्णाकडे बघत म्हणाली. "दार उघडलं की तुमी बघता. ताट ठिवताना अक्का बघत्यात. मला कण्हायचं आसलं तरी आदी तुमचं तोंड बघावं लागतं, तुमाला सोसंल का म्हून. मला काम कुणी सांगत न्हाय, भांडत कुणी न्हाय. अव्वाला दिसत न्हाय. तिच्यापाशी मी आजारी न्हाय वो. दोन दिसांत तिनं मला पायलीभर शेंगा फोडाय लावल्या, आन शिव्या दिल्या."

निंगव्वा भिंतीला टेकून बसली होती. ती जावयाच्या दिशेने तोंड करून म्हणाली, "मी तिला शिकीवलं न्हाय, बाबा. मला बी आत्ताच कळतंय."

तिप्पण्णा बाजेच्या दोरीवरून बोट फिरवत होता. कुठे सैल पडलीय का बघत असावा. मग त्याने विचारलं, "आन मी?"

एवढंच. माझ्या भावाने आयुष्यात स्वतःसाठी विचारलेला तेवढा एकच प्रश्न मला ठाऊक आहे.

शरणम्माने त्याचा हात धरला. चारचौघांत, सासरमाहेरच्या देखत. "तुमी येत जावा की."

"गाडी अण्णारावची हाय."

"मग यष्टीनं या. फाट्यावरनं चालत. तुमच्या पाठीला काय झालंय?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं. तिप्पण्णाने मान हलवली. होय म्हणून की नुसतीच, ते मला कळलं नाही. तो उठला. बाजेची दोरी एका बाजूला खरंच सैल होती. ती त्याने ताणून आवळून बांधली. शरणम्माला विचारलं, "आता बरं हाय?"

"बरं हाय."

मग तो अंगणात आला आणि जीपमध्ये बसला. भावजयीने ते ओटीचे तांदूळ ताटात परत ठेवले. मी निंगव्वाच्या पाया पडले, शरणम्माच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. ती म्हणाली, "अक्का, भाकरी जरा पातळ करत जावा." मी म्हटलं, "मोठी आलीस शिकवणारी!" आणि तशीच वळून चालू लागले, कारण पुढे उभं राहवलं नसतं.

मी माझ्या जागी, चाकाशेजारी बसले. पुढे मोकळी जागा होती, पण फळी तशीच होती आणि तिच्यावर गादी, उशीला तिच्या डोक्याचा खळगा. तिथे बसायचं माझ्याने झालं नाही.

गावाबाहेर पडलो. ऊन चढायला लागलं होतं. भार उतरला की पिशव्यांतली हवा कमी करायची असते, हे मला एव्हाना पाठ झालं होतं. त्याने ती केली नव्हती. रिकामी जीप नुसती तरंगत होती. पहिली चाकोरी आली तशी त्याने गाडी थांबवली, दुसऱ्या चाकोरीला थांबवली. नदीच्या उतारावर तो उतरला आणि पायपंप घेऊन खालच्या बाजूला थोडी हवा भरून आला. मला बघवेना.

"तिप्पण्णा," मी म्हणाले, "फळीवर कुणी न्हाय रं आता. हाण की जरा."

"व्हय," तो म्हणाला.

पुढे नदीच्या पलीकडे वाट पार फुटलेली होती. त्याने गाडी उभी केली, खाली उतरून खड्डा बघितला, परत येऊन बसला. एक हात फळीवर घट्ट ठेवला, आणि आधी एक चाक, मग दुसरं, असं हळूच खाली सोडलं.